मोटारीतील नभोवाणी-संच : मूळ यंत्र, नवे यंत्र आणि मधला थर

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद वारंवार उपस्थित होत असतो. मोटारीचे इंजिन मूळचे राखावे, पत्रा मूळचा राखावा, रंगही शक्य तो मूळच्याच छटेचा असावा, ह्याविषयी फारसा मतभेद आढळत नाही. परंतु डॅशबोर्डात बसविलेला रेडिओ मूळचा ठेवावा, की तो काढून त्या जागी आजच्या पद्धतीचे ध्वनियंत्र बसवावे, ह्या प्रश्नापाशी हे एकमत संपते. वरवर पाहता हा केवळ हौशी आणि सधन लोकांचा प्रश्न आहे. त्याच्या पोटात मात्र 'मूळ' कशास म्हणावे हा जुना प्रश्न दडलेला आहे, आणि पोथ्यांच्या पाठभेदांशी ज्यांचा संबंध येतो त्या अभ्यासकांना तो अपरिचित नाही.

ह्या वादाचा विचार बहुधा मुंबईसारख्या महानगरातून, किंवा अमेरिका-इंग्लंडातील मोटारींच्या अनुषंगाने, केला जातो. प्रस्तुत निबंधात तो मुद्दाम ब्राह्मणपुरी येथून केला आहे. ब्राह्मणपुरी हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील गाव. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा, आणि मध्य प्रदेश व गुजरात ह्या दोन्ही राज्यांच्या सीमा हाकेच्या नसल्या तरी एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा स्वतंत्र झाला; तत्पूर्वी हा भाग धुळे जिल्ह्यात व त्याआधी पश्चिम खानदेशात मोडत असे. ह्या गावी एखादी १९६४ सालची फियाट मोटार एखाद्या वाड्याच्या पडवीत उभी आहे, तिच्यात एक रेडिओ आहे, आणि तिच्या मालकास तो ठेवावा की काढावा हे ठरवावयाचे आहे, अशी कल्पना करावी. मोटार कल्पनेतील आहे; परंतु तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या, अथवा न पोहोचणाऱ्या, लहरी कल्पनेतील नाहीत. स्थळ बदलले की प्रश्नाचे स्वरूपही कसे बदलते हे त्यामुळे स्पष्ट होईल.

प्रथम यंत्राचा इतिहास पाहावयास हवा. मोटारीत रेडिओ बसविण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अनेकांनी केले. परंतु बाजारात टिकून राहिलेला पहिला संच १९३० मध्ये शिकागो येथील पॉल गॅल्व्हिन ह्यांच्या कारखान्याने तयार केला. त्यास 'मोटोरोला' हे नाव देण्यात आले. ह्या नावाची घडण मनोरंजक आहे. 'व्हिक्ट्रोला' ह्या लोकप्रिय ग्रामोफोनच्या नावाचा शेवट घेऊन तो 'मोटर' ह्या शब्दास जोडला आणि 'ओला' हा निरर्थक तुकडा 'वाजणारे यंत्र' अशा अर्थाचा प्रत्यय होऊन बसला. जिवंत भाषेत प्रत्यय कसे जन्मास येतात ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. युरोपात १९३२ मध्ये बर्लिनच्या ज्या कारखान्याने पहिला मोटार-रेडिओ काढला, त्याचा 'ब्लाउपुंक्ट' हा शिक्का म्हणजे जर्मन भाषेत 'निळा ठिपका'. तपासणीत उतरलेल्या मालावर लावावयाच्या निळ्या ठिपक्यावरून हे नाव रूढ झाले. हा पहिला संच सुमारे पंधरा किलो वजनाचा होता, आणि त्याची किंमत एका लहान मोटारीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे आरंभी ही वस्तू कोणाच्या आवाक्यातील होती ते कळते.

हे जुने संच व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्हला दोनशे व्होल्टांच्या आसपास दाब लागतो, आणि मोटारीच्या बॅटरीत तर सहा किंवा बारा व्होल्टच असतात. ही अडचण दूर करण्यासाठी 'व्हायब्रेटर' नावाचा एक छोटा थरथरता खटका बसवीत. तो बॅटरीचा सरळ प्रवाह सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देई, आणि तेथून उंच दाब मिळे. त्याच्या थरथरण्याचा मंद घुमारा गाण्याच्या पाठीमागे सतत ऐकू येत असे. संच लावल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही क्षण काहीच ऐकू येत नसे. त्यातच इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर मिसळे. ती दाबण्यासाठी प्लगच्या तारांवर वेगळे प्रतिबंधक बसवावे लागत. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर ह्या अमेरिकन कंपन्यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला, आणि त्यानंतर काही वर्षांतच व्हायब्रेटरचा घुमारा इतिहासजमा झाला. १९५६ सालच्या मोटारींत क्रायस्लरने मिनिटाला सुमारे पावणेसतरा फेरे घेणाऱ्या तबकड्यांचा ग्रामोफोनही बसवून पाहिला. खाचखळग्यांनी त्याचा निकाल लावला. १९६३ मध्ये फिलिप्सने लहान कॅसेट बाजारात आणली. ती मोटारीत शिरल्यावर मात्र पुढची तीस वर्षे हलली नाही.

भारतीय मोटारींच्या बाबतीत 'मूळ' हा शब्द आणखी डळमळीत होतो. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डी सोटो ह्या अमेरिकन मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. १९५४ पासून फियाट ११०० आणि १९६४ पासून तिची 'डी' ही आवृत्ती निघू लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट व १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने ओळखली गेली. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसडर १९५७च्या सुमारास रस्त्यावर आली. ह्या सर्व मोटारींत रेडिओ हा सामान्यतः कारखान्याचा भाग नव्हता. तो विक्रेत्याने किंवा मालकाने नंतर बसवून घेतलेला असे. कोणी परदेशाहून आणविलेला बसवी, कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानातून घेई, आणि बसविणारा कारागीर पत्र्यास आपल्या अंदाजाने भोके पाडी. अमेरिकन संचांवर पाच बटणे असत व प्रत्येक बटणास एक स्टेशन नेमून ठेवता येई. ज्या देशात बहुतेक ठिकाणी एखादेच स्टेशन स्पष्ट ऐकू येत होते तेथे उरलेली चार बटणे शोभेची होती. मोटारीतील संचासाठी परवानाही काढावा लागे. ही परवाना-पद्धती १९८०च्या दशकाच्या मध्यास संपली. तेव्हा १९६४ सालच्या फियाटमध्ये आज दिसणारा रेडिओ 'मूळचा' आहे असे मालक म्हणतो, त्या वेळी त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की तो त्याला आठवते तेव्हापासून तेथे आहे. कारखान्याच्या दृष्टीने मूळ म्हणजे झाकणी लावलेला रिकामा चौकोन! शुद्धतेचा आग्रह टोकास नेला तर हा रेडिओही काढून टाकावा लागेल, आणि मोटार मुकीच राखावी लागेल. हा निष्कर्ष तर्काला धरून आहे; तो कोणी अमलात आणीत नाही, ह्यावरून शुद्धतावाद्यांच्या मनातही 'मूळ' म्हणजे निव्वळ कारखान्यातून निघालेली वस्तू नव्हे, हे दिसून येते.

आता ब्राह्मणपुरीच्या पडवीतील त्या संचास काय ऐकू येत होते, ते पाहू. शहादा परिसरापासून मुंबई हवाई अंतराने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अहमदाबाद अडीचशेच्या आसपास, आणि इंदूर तर दोनशेच्याही आत. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ पासूनचे; अहमदाबादचे १९४९ मध्ये, इंदूरचे १९५५ मध्ये सुरू झाले. ह्या परिसराच्या जवळचे मराठी केंद्र जे जळगाव, सुमारे सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवरचे, ते १९७६ मध्ये आले. म्हणजे जवळपास दोन तपे अशी होती, की शहादा तालुक्यातील माणसाला स्वतःच्या राज्यभाषेतील केंद्रापेक्षा गुजराती व हिंदी केंद्रे अंतराने जवळ होती. प्रक्षेपकाची शक्ती, डोंगर, हवामान ह्यांचाही परिणाम होतो, हे खरे. तरी अंतराचा हा हिशेब दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यातही मध्यमलहरींचा स्वभाव असा, की दिवसा त्या जमिनीच्या अंगाने जातात व लवकर क्षीण होतात, आणि सूर्य मावळल्यावर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल दूर उतरतात. दिवसा न ऐकू येणारी मुंबई रात्री ऐकू यावी, आणि तिच्यावर दुसरेच एखादे दूरचे केंद्र येऊन बसावे, हा अनुभव ह्या भागातील जुन्या श्रोत्यांस नवा नव्हता.

लघुलहरींची गोष्ट वेगळी. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी-मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानींचा 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला. सिलोनच्या लघुलहरी नंदुरबारला आणि नागपूरला सारख्याच उदारपणे पोहोचत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली तीही आरंभी मुंबई व मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरूनच. म्हणून ह्या काळी भारतात विकल्या गेलेल्या मोटार-रेडिओंपैकी ज्यांना लघुलहरींचा पट्टा होता त्यांचे मोल अधिक. अमेरिकन मोटारीत मूळचा येणारा संच बहुधा केवळ मध्यमलहरींचा असे. शिकागोच्या आसपास तो पुरेसा होता. ब्राह्मणपुरीस तो अर्धा बहिराच ठरला असता. येथील एखाद्या मालकाने १९६० च्या सुमारास अमेरिकन 'मूळ' संच काढून लघुलहरींचा दुसरा बसविला असेल, तर त्याने मोटारीची विटंबना केली असे म्हणावयाचे, की ती येथल्या आकाशास अनुरूप केली असे म्हणावयाचे? डायलवरील पट्टे हा एक प्रकारे त्या मोटारीच्या निवासस्थानाचा दाखलाच असतो.

येथे मराठीतील एका क्रियापदयुग्माकडे लक्ष वेधणे उचित होईल. रेडिओच्या संदर्भात मराठी माणूस दोन क्रियापदे वापरतो : 'लावणे' आणि 'लागणे'. 'रेडिओ लाव' असे तो म्हणतो. परंतु स्टेशनाविषयी त्याचा प्रश्न असतो, 'मुंबई लागते का?' पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात नाही. खटका फिरविणे माणसाच्या हाती. स्टेशन लागणे न लागणे त्याच्या हाती नाही. भूक लागते, झोप लागते, ऊन लागते, पावसाची झड लागते, त्याच जातीचे हे लागणे आहे. नभोवाणीसारख्या सर्वस्वी परक्या यंत्रासाठी भाषेने आपल्या सर्वांत घरगुती क्रियापदांपैकी एक पुढे केले, आणि ते अचूक पुढे केले. ह्याउलट विद्वानांनी घडविलेला 'नभोवाणी' हा शब्द मराठीत लेखी व्यवहारापुरता राहिला, म्हैसूरच्या केंद्रापासून निघालेला 'आकाशवाणी' हा शब्द १९५७च्या सुमारास सरकारी नाव झाला, आणि घरात, मोटारीत व पानाच्या गादीवर शब्द राहिला तो 'रेडिओ' हाच. आजच्या यंत्राच्या बाबतीत पाहावे, तर गाणे 'लावतात' खरे, परंतु काहीही 'लागत' नाही. फोन 'जोडला जातो' किंवा 'कनेक्ट होतो'. जे मागितले तेच आणि तेवढेच येते. मूळ संच राखावा असे म्हणणाऱ्यांना ध्वनीच्या शुद्धतेचे आकर्षण नसते. तो ध्वनी शुद्ध नव्हताच. त्यांना जे राखावयाचे आहे ते हे 'लागणे' होय, असे म्हणावयास हरकत नाही. दुर्दैवाने नेमके तेच संचात राहत नाही. ते आकाशात होते.

ही गोष्ट केवळ भावनेची नव्हे. प्रसारभारतीने जुने मध्यमलहरी प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण अलीकडे अवलंबिले आहे. जर्मनीच्या राष्ट्रीय नभोवाणीने आपले मध्यमलहरी प्रसारण २०१५च्या अखेरीस थांबविले. रेडिओ सिलोनची ती जुनी हिंदी सेवा आणि लघुलहरींचा तो गजबजलेला पट्टा आज पूर्वीसारखा नाही. जो संच नवीन व्हॉल्व्ह, नवीन कपॅसिटर घालून परिश्रमपूर्वक जिवंत केला, तो उघड्या आकाशाखाली खरखरीखेरीज फारसे काही ऐकवीत नाही, असे दिवस अनेक ठिकाणी आले आहेत. एफ.एम. वाहिन्यांसाठी नवे यंत्र बसवावे, असा युक्तिवाद ह्यावर केला जातो. परंतु एफ.एम.च्या लहरी दृष्टिपथापलीकडे फारशा जात नाहीत. मोठ्या शहरात त्यांचा सुकाळ, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी टंचाई. शिवाय हे तंत्रही चिरंजीव नव्हे. नॉर्वेने २०१७ मध्ये आपल्या राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ.एम. प्रसारण बंद केले. म्हणजे आज जे 'आधुनिक' म्हणून बसवावयाचे तेही उद्या जुने आणि तितकेच मुके होणार. ब्राह्मणपुरीस बसून विचार करणाऱ्यास 'जुना रेडिओ की नवा रेडिओ' हा पर्याय खरे तर उरतच नाही. त्याच्यापुढे 'रेडिओ की साठविलेले गाणे' हा पर्याय आहे.

आणि येथेच मधल्या थराचा प्रश्न उपस्थित होतो. ह्या वादात तो सहसा कोणी विचारात घेत नाही. त्या फियाटमध्ये मूळचा रेडिओ १९९० पर्यंत टिकून राहिला असण्याची शक्यता थोडी. बहुधा १९८० नंतर केव्हातरी तो काढून तेथे कॅसेटचे यंत्र बसविले गेले असेल, ज्यास लोक नुसते 'टेप' म्हणत. मागील काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर आले असतील आणि त्यांसाठी फळी कापली गेली असेल. शुद्धतावादी मंडळी मोटार हाती आली की प्रथम हा टेप उपटून फेकतात. त्यांच्या दृष्टीने तो मूळही नाही आणि नवाही नाही. नव्या यंत्राचे चाहतेही तेच करतात. दोन्ही पक्षांचे एकमत असलेली ही एकच बाब!

परंतु भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने ह्या मोटारीतील सर्वांत मोलाचा थर हाच आहे. पीटर मॅन्युएल ह्या अमेरिकन संगीताभ्यासकाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कॅसेट कल्चर' ह्या ग्रंथात उत्तर भारतातील ध्वनिफितींच्या प्रसाराचा अभ्यास केला आहे. तबकडी काढण्यास मोठा कारखाना लागे व ते क्षेत्र एका मोठ्या कंपनीच्या हाती होते. फीत काढण्यास थोडके भांडवल पुरे, आणि म्हणून प्रादेशिक भाषा व बोली ह्यांतील गाणी प्रथमच मोठ्या संख्येने बाजारात येऊ शकली, हे त्यातील एक प्रमुख प्रतिपादन आहे. खानदेशास ते तंतोतंत लागू पडते. अहिराणी गीतांच्या फिती निघाल्या. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी बोलींतील गाणीही फितींवर आली. आणि 'काळी-पिवळी' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी जिपांतून ती गावोगावी वाजू लागली. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीत खानदेशी बोलीस भिल्ल भाषांसोबत नवव्या खंडात स्थान मिळाले ते १९०७ मध्ये. परंतु ती लिखित नमुन्यांची नोंद होती. रेडिओने ह्या परिसरात प्रमाण मराठी, हिंदी व गुजराती आणली. मोटारीत बसलेल्या माणसाला स्वतःची घरची बोली यंत्रातून ऐकू आली ती टेपमुळे. 'मूळ रेडिओ' परत बसवून मोटार १९६४ च्या रूपात नेणे म्हणजे ह्या बोलीचा तिच्यातील एकुलता एक पुरावा पुसून टाकणे होय.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे नवे वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पोथीचे शुद्धीकरण केले. वि. का. राजवाडे ह्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली ती एकनाथपूर्व भाषारूपाच्या शोधात. राजवाड्यांचा शोध भाषाशास्त्राला अत्यावश्यक होता; परंतु तीन शतके वारकऱ्यांच्या मुखी जी ज्ञानेश्वरी होती ती एकनाथांच्या परंपरेची, हेही तितकेच ऐतिहासिक सत्य आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुकथनकरांच्या संपादनाखाली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले व सर्व पर्वे १९६६ मध्ये पुरी झाली. तेथे प्रक्षेप म्हणून जे श्लोक वेगळे काढले ते नष्ट केले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे छापले. मूळ पाठ शोधणे आणि नंतरचा पाठ फेकून देणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. मोटारींच्या कारखान्यांत हा भेद अजून पुरतेपणी पोहोचलेला दिसत नाही.

वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद संमत झाली तिच्या अकराव्या कलमात असे तत्त्व आहे, की एखाद्या वास्तूत सर्व कालखंडांनी घातलेली भर आदरणीय मानावी. शैलीची एकात्मता साधणे हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिवा' ह्या संस्थेने, तूरिन सनद स्वीकारली ती ह्याच विचाराच्या आधारावर. काढलेले मूळ भाग वाहनाबरोबरच जपून ठेवावेत, आणि बदल अपरिहार्य असेल तर तो पुन्हा उलटविता येईल असा असावा, असा तिचा आग्रह आहे. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले व त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक देण्याची तरतूद केली. वाहन मूळ स्वरूपात असावे ही त्यांतील अट सांगाडा, बाह्य पत्रा आणि इंजिन ह्यांतील बदलांशी निगडित आहे. रेडिओचे नाव तेथे नाही. म्हणजे कायद्याने हा प्रश्न मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे, आणि ते योग्यच झाले.

विवेकास थोडे तंत्रज्ञानाचे साह्य मात्र हवे. पुष्कळ जुन्या मोटारी अज्ञानाने बिघडविल्या जातात. १९५५ पूर्वीच्या डॉज-प्लिमथ मोटारींची बॅटरी सहा व्होल्टांची, आणि तिचे धन टोक सांगाड्यास जोडलेले. त्या काळच्या अनेक ब्रिटिश मोटारी बारा व्होल्टांच्या असल्या तरी त्यांचेही धन टोकच सांगाड्यास असे. आजचे यंत्र ऋण टोक सांगाड्यास जोडलेले आहे असे गृहीत धरून बनविलेले असते. हे न पाहता जोडणी केली तर यंत्र तत्काळ जळते, आणि प्रसंगी तारांनाही आग लागते. दुसरी चूक स्पीकरची. जुन्या संचाच्या स्पीकरचे एक टोक पुष्कळदा सांगाड्यासच जोडलेले असे. आजच्या यंत्राची स्पीकरची दोन्ही टोके सांगाड्यापासून अलग ठेवावी लागतात. जुनाच स्पीकर जुन्याच जोडणीने नव्या यंत्रास लावला की यंत्राचा शेवट ठरलेला. तिसरी चूक सर्वांत वाईट, कारण ती दुरुस्त होत नाही : आजच्या मापाचे यंत्र बसावे म्हणून डॅशबोर्डाचा पत्रा कापणे. जळलेले यंत्र दुसरे मिळते; कापलेला पत्रा मिळत नाही.

काही कारागीर जुन्या संचाचा दर्शनी भाग, डायल व बटणे तशीच ठेवून आतील सर्व अवयव काढतात आणि तेथे आजचे मंडल बसवितात. बाहेरून पाहणाऱ्यास मोटार मूळची वाटते. आवाज आजचा येतो. हा मार्ग लोकप्रिय आहे, पण तो सर्वांत कमी प्रामाणिक आहे. त्यात जुने यंत्र नष्ट होते आणि ते नष्ट झाल्याचेही लपविले जाते. जुन्या पोथीचे बाड ठेवून आतील पाने बदलावीत, तसे हे आहे. त्यापेक्षा नवे यंत्र हातमोजांच्या कप्प्यात किंवा आसनाखाली ठेवून जुना संच आपल्या जागी निमूट बसू देणे बरे. आणखीही एक मार्ग आहे, आणि सर्व बाजूंनी विचार करता तोच सरस वाटतो. जुना संच दुरुस्त करावा, आणि त्याच्या आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाच्या आतील टोकाशी एक बारीक तार जोडून फोनमधील ध्वनी तेथे सोडावा. मग गाणे फोनचे असते, परंतु ते जुन्या वर्धकातून आणि कागदी शंकूच्या त्या एकुलत्या स्पीकरमधून येते. त्यास तीच भरड, मधल्या सुरांची घडण मिळते. तार काढली की संच पूर्ववत. ह्या पद्धतीस पत्रा कापावा लागत नाही, खोटा देखावा करावा लागत नाही, आणि ब्राह्मणपुरीस मध्यमलहरी पोहोचोत वा न पोहोचोत, संच मुका राहत नाही.

टेपच्या थराचे काय करावे, हा प्रश्न तरीही उरतो. दोन यंत्रे एका चौकोनात बसत नाहीत. ज्या मोटारीत मूळचा रेडिओ हाती लागतच नाही आणि टेप जागेवर आहे, तेथे तो तसाच ठेवून दुरुस्त करावा. कोणत्याही भंगारबाजारातून आणलेला १९६४ सालचा परका संच तेथे बसविणे हे जतन नव्हे. ज्या मोटारीत मूळचा संच कोठीत सापडतो, तेथे तो परत बसविण्यास हरकत नाही. मात्र काढलेला टेप त्याच्या तारांसह वेष्टून, केव्हा व कोठून काढला ह्याची चिठ्ठी लावून, मोटारीसोबत ठेवावा. मालकाला आठवत असेल तर तो कोणी बसविला, कोणत्या फिती त्यावर वाजत, आणि त्या कोणत्या बोलीतील होत्या, हेही त्या चिठ्ठीवर लिहावे. चुंबकीय फीत उष्णतेने व दमटपणाने झडत जाते, आणि तापीकाठच्या उन्हाळ्यात बंद मोटारीच्या कप्प्यात पडून असलेल्या फितीचे आयुष्य मोठे नसते. टेप काढण्यापूर्वी त्याच्या तोंडात एखादी फीत अडकून राहिली आहे काय, हे कारागिराने आधी पाहावे. तशी ती पुष्कळदा राहिलेली असते.